'नॉट ओके' नंतर

ही सिरीयल कन्सोलची, म्हणजे कर्नलचे संदेश दाखवणारी खिडकी. लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बूट झालाय, त्याच्या सेल्फटेस्टच्या (कर्नल तपासणाऱ्या चाचण्यांच्या) ओळी सरसर वर सरकतायत. ओके, ओके, ओके... आणि ही बघा, 'नॉट ओके'. कालपर्यंत पास होणारी टेस्ट आज फेल.

अशा वेळी सर्रास केलं जातं ते हे: टेस्ट पुन्हा चालवायची, पास झाली की 'फ्लेकी' (कधी पास, कधी फेल) म्हणून सोडून द्यायची. पण दहात दोनदाच फेल होणाऱ्या टेस्टमागे दोन सीपीयूंमधली खरीखुरी रेस असू शकते, म्हणजे कोण आधी पोहोचतं यावर निकाल बदलणारी चूक. म्हणून आधी डीमेसेज (dmesg, कर्नलच्या संदेशांचा लॉग) वाचायचा, आणि तोही फेलच्या ओळीपासून वरच्या दिशेने. इथे कासानने (KASAN, कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं साधन) आधीच 'यूज-आफ्टर-फ्री' नोंदवलंय. मोकळी केलेली मेमरी कोणीतरी अजून वाचतंय. टेस्टकडे बोट दाखवायचा प्रश्नच मिटला.

आता गिट बायसेक्ट, म्हणजे बदलांची यादी दर वेळी अर्धी करत बिघाड आणणारा बदल शोधणं. चांगल्या आणि बिघडलेल्या कर्नलमध्ये चौदा हजार कमिट (नोंदवलेले बदल) असले, तरी दर फेरीत निम्मे गळतात. चौदाएक बिल्डमध्ये गुन्हेगार हाती लागतो. उजवीकडे चाललेली स्क्रिप्ट दर फेरीला तीच जुनी कॉन्फिग फाइल (कर्नलची सेटिंग्ज) ठेवते, 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' करते (नव्या सेटिंग्जना मूळ मूल्यं देते), बिल्ड करते, क्यूएमू (QEMU, आभासी मशीन) बूट करून टेस्ट चालवते. शेवटी स्क्रिप्ट बायसेक्टला एक आकडा, एक्झिट कोड, देते: 0 म्हणजे चांगला, 1 म्हणजे वाईट. बिल्डच झाला नाही तर 125, म्हणजे हा कमिट वगळा. इथे 125 ऐवजी 1 गेला की बायसेक्ट भलत्याच पॅचवर (बदलावर) आळ घेतो, आणि हे होतं, वरचेवर होतं.

रेस असेल तर आणखी एक सापळा. दहात दोनदा फेल होणारी टेस्ट बिघडलेल्या कर्नलवरही एका फटक्यात पास व्हायची शक्यता ऐंशी टक्के. म्हणून दर फेरीत तीस वेळा चालवायची. मग चुकून 'चांगला' ठरण्याचा धोका हजारात साधारण एकावर येतो. वेळ लागतो, लागू द्या.

सापडलेला कमिट ताज्या कर्नलवर रिव्हर्ट करून, म्हणजे मागे घेऊन बघायचा. तीसही वेळा पास? मग पॅचच्या लेखकाला मेल: कॉल ट्रेस (चूक झाली तेव्हा चालू असलेल्या फंक्शनांची साखळी), कॉन्फिग, बायसेक्टचा लॉग. दुरुस्तीच्या पॅचमध्ये 'फिक्सेस' टॅग, त्यात त्या कमिटच्या हॅशची (ओळख-कोडची) पहिली 12 अक्षरं. त्यावरूनच स्टेबल शाखा (आधी रिलीज झालेल्या आवृत्त्या) सांभाळणाऱ्यांना कळतं की ही दुरुस्ती किती जुन्या आवृत्तीपर्यंत मागे न्यायची. दुरुस्ती लांबली, तर रिव्हर्ट. नाहीतर हाच बिघाड रिलीजमधून वापरणाऱ्यांच्या मशीनवर जातो.