मोठी बाईक, आधी हळू

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय मोठ्या बाईकबद्दल, म्हणजे सहाशे, आठशे, हजार सीसीच्या, दोनशे किलोच्या आसपास वजनाच्या आणि मनगट जरा फिरवलं की अंगावर येणाऱ्या बाईकबद्दल, आणि तेही शहरातल्या रस्त्यावर, जिथे सिग्नल आहेत, बस आहेत, मध्येच दार उघडणाऱ्या टॅक्स्या आहेत, फोनमध्ये डोकं घालून रस्ता ओलांडणारी माणसं आहेत. बऱ्याच जणांना वाटतं की छोटी बाईक इतकी वर्षं चालवतोय, क्लच तोच, गिअर तेच, मग यात शिकायचं काय? आता पळवायचं म्हणाल तर खरंच काही शिकावं लागत नाही, ते काम इंजिन तुम्हाला न विचारता करतं. शिकावं लागतं ते हळू चालवणं.

जपानमध्ये चारशे सीसीच्या वरच्या बाईकला वेगळं लायसन्स लागतं. त्याच्या परीक्षेत एक मजेशीर प्रकार आहे. पंधरा मीटर लांब, फक्त तीस सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून जेमतेम पाच सेंटिमीटर उंच अशी एक पट्टी असते, तिच्यावरून बाईक न्यायची. किती सेकंदात? तर कमीत कमी दहा! लवकर पोचलात तर मार्क कापणार आणि चाक पट्टीवरून उतरलं तर परीक्षा तिथेच संपली. चारशेपर्यंतच्या बाईकला सात सेकंद चालतात, मोठ्या बाईकला दहा पाहिजेत. हिशोब केलात तर हा वेग ताशी साधारण साडेपाच किलोमीटर येतो, म्हणजे माणूस चालतो तेवढा. हजार सीसीचं इंजिन हातात द्यायचं की नाही हे ते लोक चालण्याच्या वेगावर ठरवतात, आणि मला विचाराल तर याहून चांगली परीक्षा नाही.

हे जमवायचं कसं? रिकामं मैदान बघा किंवा सुट्टीच्या दिवशीचं मोकळं पार्किंग. बाईक पहिल्या गिअरला, रेस किंचित दिलेली आणि ती तेवढीच धरून ठेवायची, सारखी कमीजास्त करायची नाही. क्लच अर्धा, म्हणजे जिथे बाईक नुकती ओढायला लागते त्या जागेवर, आणि तिथून इकडे तिकडे नखभर. उजव्या पायाने मागचा ब्रेक हलकासा दाबलेला. इंजिन पुढे ढकलतंय आणि मागचा ब्रेक थोडं धरून ठेवतोय, या दोघांच्या ओढाताणीत बाईक इतकी स्थिर होते की पहिल्यांदा करणाऱ्याचा विश्वास बसत नाही. या वेगाला पुढच्या ब्रेकला मात्र हात लावायचा नाही. हँडल वळलेलं असताना चालण्याच्या वेगात पुढचा ब्रेक दाबलात की पुढचा भाग खाली बसतो, सगळं वजन आतल्या बाजूला जातं आणि दोनशे किलो एकदा कलंडायला लागले की पाय टेकून थांबत नाहीत, पायच मुरगळतो. मोठ्या बाईक सगळ्यात जास्त पडतात त्या अशाच, यू-टर्न घेताना नाहीतर पार्किंगमध्ये.

यू-टर्नचं म्हणाल तर अर्धं काम मान करते. पुढच्या चाकाकडे बघितलंत तर बाईक तिथेच घुटमळते, हनुवटी पार खांद्यापर्यंत फिरवून जिथे बाहेर पडायचंय तिथे बघितलंत की ती वळते. मान वळवणं सोपं वाटतं ना? करून बघा, डोळे चोरून खाली येतातच.

आता मनगट. मोठ्या बाईकवर नवीन माणसाचा खरा घात रेसच्या मुठीवर होतो. मनगट वर काढून मूठ धरली असेल आणि बाईक दचकून पुढे गेली, की शरीर मागे जातं, हात ताणला जातो, मूठ आणखी फिरते, म्हणजे घाबरल्यामुळे आपणच अजून रेस देतो. म्हणून बसतानाच मनगट खाली, कोपर सैल, आणि धरून बसायचं ते गुडघ्यांनी टाकी दाबून, हँडलला लटकून नाही. बाईकला रेन मोड, म्हणजे ओल्या रस्त्यासाठीची सेटिंग, असेल तर सुरुवातीचे काही महिने लख्ख उन्हातसुद्धा तो चालू ठेवा, बऱ्याच बाईकवर त्यात रेसला इंजिन जरा सावकाश उत्तर देतं, मित्र हसतील तर हसू दे. युरोपात तर पायऱ्याच करून ठेवल्यात, ३५ किलोवॅटपर्यंत ताकदीच्या बाईकवर दोन वर्षं काढायची आणि मग वरच्या परीक्षेला बसायचं अशी तिथली एक वाट आहे.

ब्रेकवर जरा जास्त वेळ घेतो. ताशी साठने जाताना बाईक एका सेकंदात जवळपास सतरा मीटर जाते. समोर काहीतरी आलंय हे डोळ्यांना दिसून बोटांपर्यंत पोचायला सेकंदभर गेला तर ते सतरा मीटर ब्रेक न लागताच गेले. त्यानंतर कोरड्या चांगल्या रस्त्यावर, चांगल्या हाताने ब्रेक मारला तरी वीसेक मीटर लागतात. तीसच्या वेगाला तेच ब्रेकचं अंतर पाच मीटर असतं. वेग दुप्पट की ब्रेकचं अंतर चौपट, यात बाईक महाग असो की स्वस्त, सवलत कुणालाच नाही.

आणि थांबवतो कोण, तर पुढचा ब्रेक. ब्रेक लागला की सगळं वजन पुढे येतं, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो, त्याची पकड वाढते, मागचं चाक हलकं होतं. ‘पुढचा ब्रेक मारू नको, उलटशील’ हे लहानपणी सायकलवर ऐकलेलं असतं आणि डोक्यातून जाता जात नाही. पुढचा ब्रेक घातक ठरतो तो खाडकन ओढल्यावर. आधी अलगद दाबून वजन पुढे येऊ द्यायचं आणि मग लिंबू पिळताना जसा जोर वाढवत नेतो तसा वाढवत न्यायचा, बाईक सरळ उभी असताना. एबीएस असेल तर उत्तमच, बाईकवर ते १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के १०० वर पहिल्यांदा आलं, पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही एवढंच, सेकंदभर उशिरा लावलेल्या ब्रेकचे सतरा मीटर ते परत देत नाही. मैदानात चाळीसच्या वेगाने येऊन पूर्ण ब्रेक मारायचा सराव करा, एबीएस असेल तर ते लिव्हरमध्ये थडथडतं म्हणजे काय हे एकदा बोटांना कळू दे, नाहीतर भर रस्त्यात पहिल्यांदा थडथडलं की घाबरून लिव्हर सोडून देणारे लोक असतात.

अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाने लॉस एंजेलिसच्या परिसरात बाईकचे सुमारे नऊशे अपघात जागेवर जाऊन तपासले, त्याचा अहवाल १९८१ साली आला. जुना आहे, पण वाचताना कुठेही जुना वाटत नाही. अपघाताच्या आधीचा मधला वेग किती असेल? ताशी साधारण अठ्ठेचाळीस किलोमीटर! म्हणजे शहरातला नेहमीचाच वेग. अपघात टाळायला काहीतरी करण्यासाठी हातात वेळ किती, तर दोन सेकंदांहून जरा कमी. आणि त्या दोन सेकंदांत माणसं काय करत होती, तर मागचा ब्रेक कचकचून दाबून चाक घसरवत होती आणि पुढचा नीट वापरतच नव्हती. आजच्या विषयाला लागू पडणारी गोष्ट तर पुढेच आहे. अपघातात सापडलेल्यांपैकी अर्ध्याहून जास्त लोकांना त्या बाईकवर पाच महिनेसुद्धा झालेले नव्हते, एरवीचा रस्त्यावरचा अनुभव मात्र जवळपास तीन वर्षांचा होता. बाईक बदलली की आपण पुन्हा नवखे होतो, फक्त आपल्याला तसं वाटत नाही.

त्याच अहवालात आहे की दुसऱ्या वाहनाशी टक्कर झाली तिथे तीनपैकी दोन वेळा त्या दुसऱ्या ड्रायव्हरने बाईकवाल्याला वाट द्यायला हवी होती आणि दिली नाही. ‘दिसलाच नाही’ असं ते सांगतात आणि बऱ्याचदा ते खरंच असतं. समोरून येणारी बाईक अरुंद दिसते, आणि लहान वस्तू आपल्याला आहे त्यापेक्षा लांब आणि सावकाश येतेय असं वाटतं, त्यामुळे ड्रायव्हर बघतो, बाईक दिसतेसुद्धा, आणि तरी तो गाडी आडवी घालतो. मोठी बाईक असेल तर हे आणखी वाईट, कारण त्याचा अंदाज छोट्या बाईकच्या वेगाचा असतो आणि तुम्ही तेवढ्यात येऊन धडकता. म्हणून चौकात शिरायच्या आधी रेस सोडा, दोन बोटं पुढच्या ब्रेकवर ठेवा आणि वळायला टपलेल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघू नका, तो तुमच्याकडे बघत असून तुम्हाला न बघणारा असू शकतो. तिचं पुढचं चाक बघा. गाडी हललेली कळायच्या आधी चाक फिरलेलं दिसतं.

सायलेन्सर मोठ्या आवाजाचा लावला की लोक सावध होतात म्हणे. अहो, हर्टच्या अहवालात तीन चतुर्थांशांहून जास्त वेळा धोका समोरच होता, नाकासमोरच्या रेषेपासून दोन्हीकडे पंचेचाळीस अंशांच्या आत, आणि सायलेन्सरचं तोंड असतं मागे.

आता समोर आलेलं चुकवायचं म्हणजे हँडल फिरवायचं, पण कुठे? जरा वेगात असताना डावीकडे जायचं असेल तर डावी मूठ पुढे ढकलायची, म्हणजे हँडल क्षणभर उजवीकडे जातं आणि बाईक डावीकडे झुकते. ऐकायला उलटं वाटतं. विमानवाले राईट बंधू मुळात सायकलवाले, त्यातल्या विल्बर राईटच्या हे लक्षात आलं होतं, आणि सायकल चालवणाऱ्यांना विचारलं तर हे कुणालाच नीट सांगता येत नाही असंही त्याने नोंदवलंय. सगळे करतात, कळत नसतं. छोट्या बाईकवर न कळता भागतं, जड बाईक मात्र पटकन बाजूला न्यायची तर मूठ ठरवून ढकलावी लागते. चाळीसच्या वेगाने मोकळ्या जागेत अगदी हलकं ढकलून बघा, आणि बघायचं ते जिथे जायचंय तिकडे, कारण खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच जाणार.

रस्त्याचं थोडक्यात सांगतो, हे बहुतेकांना माहीत असतं. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, लोखंडी झाकणं, सांडलेलं डिझेल, बारीक खडी, आणि पहिल्या पावसात वर आलेलं तेल. यांच्यावरून बाईक सरळ ठेवून जायचं, तिथे ना ब्रेक, ना रेस. नवे टायर घातले की पहिले शे-दीडशे किलोमीटर जपून, वरचा गुळगुळीत थर निघायचा असतो. सिग्नलला थांबलात तरी पहिला गिअर टाकलेला, क्लच धरलेला, नजर आरशात आणि पुढच्या गाडीपासून निसटता येईल एवढी जागा, मागची गाडी नीट थांबेपर्यंत.

हेल्मेटवर भाषण देत नाही, एक गोष्ट सांगतो. लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून ज्यांना जग ओळखतं ते ब्रिटिश लष्करी अधिकारी टी. ई. लॉरेन्स १९३५ साली ब्रफ सुपीरिअर ही त्या काळातली जबरदस्त बाईक चालवत होते. सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना पडले, हेल्मेट नव्हतं, डोक्याला मार लागला, सहा दिवसांनी गेले. उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू कॅर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. त्यांनी पुढे सैन्यातल्या निरोप्या बाईकवाल्यांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, आणि हेल्मेटचा उपयोग होतो हे दाखवणारा त्यांचा पहिला लेख १९४१ साली छापून आला. पुढे जगभरातले अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा आकडा निघाला तो असा की हेल्मेटमुळे मरणाचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. पट्टा लावलेला असेल तर, हे वेगळं सांगायला नको.

मागे कुणाला बसवायची घाई करू नका. ब्रेक लागला की ते वजन तुमच्या पाठीवर येतं आणि चालण्याच्या वेगातलं सगळं गणित बदलतं.

आणि बाईक कधीतरी पडणारच, उभ्या उभ्या पडेल. ती पडायला लागली की अडवायला जाऊ नका, सोडून द्या, कंबर तिच्यापेक्षा महाग आहे. आधी इंजिन बंद करा, बाईक गिअरमध्ये टाका म्हणजे घरंगळणार नाही. उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा, नाहीतर उचलून उभी कराल आणि ती दुसरीकडे जाऊन पडेल. बाईक ज्या बाजूला पडलीय त्या बाजूला हँडल पूर्ण वळवा, बाईककडे पाठ करा, सीटच्या कडेला बूड टेकवा, एका हाताने मूठ, दुसऱ्याने मागचा पक्का दांडा धरा आणि पाठ ताठ ठेवून पायांनी रेटत छोट्या छोट्या पावलांनी मागे सरका. उभी राहिली की लगेच स्टार्ट मारू नका, पेट्रोल गळतंय का, ब्रेकची लिव्हर वाकलीय का, रेसची मूठ सोडल्यावर आपोआप परत येतेय का ते बघा. मूठ अडकत असेल तर ती बाईक तिथून चालवत न्यायची नाही, टेम्पो बोलवा.

नमस्कार.