ओटे किती, गुंठे किती: लहान शहराच्या स्मशानभूमीचा हिशेब

[दृश्य: ओढ्याकाठची स्मशानभूमी. पत्र्याची शेड, तिच्याखाली चिता रचायचे दोन ओटे, बाजूला लाकडाचे गोदाम.]

महाराष्ट्रात नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमाने चालतो. प्रेतांच्या विल्हेवाटीसाठी जागा मिळवणे, ती राखणे आणि तिचे नियमन करणे हे या अधिनियमाने नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आहे, म्हणजे दिवाबत्ती किंवा गटारे यांच्याइतकेच ते टाळता न येणारे काम आहे. प्रत्यक्षात मात्र लहान शहरांत या कामाकडे बांधकामाची बाब म्हणून पाहिले जाते. निधी आला की आधी प्रवेशद्वाराची कमान उभी राहते, तिच्यावर नावे कोरली जातात, आणि आत ओटे किती लागतील याचा हिशेब कोणी मांडलेला नसतो.

तो हिशेब अवघड नाही. ४०,००० वस्तीचे तालुक्याचे ठिकाण धरू. देशात दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला साधारण सहा मृत्यू होतात, म्हणजे या शहरात वर्षाला सुमारे २४०, तीन दिवसांत दोन. त्यांपैकी २०० जणांचे दहन होते असे मानले, तर दोन ओटे पुरेसे आहेत असे कोणालाही वाटेल. पण राख सावडण्याचा विधी परंपरेने तिसऱ्या दिवशी होतो आणि तोवर ओटा अडकून राहतो. २०० दहने आणि प्रत्येकी तीन दिवस मिळून वर्षाचे ६०० ओटा-दिवस होतात. त्यांना ३६५ ने भागले की सरासरी पावणेदोनच्या जवळपास ओटे कायम भरलेले दिसतात. मृत्यू काही पाळी लावून येत नाहीत. थंडीच्या कडाक्यात किंवा साथीच्या दिवसांत एकाच दुपारी तीन अंत्ययात्रा आल्या, की तिसरी चिता उघड्यावर रचावी लागते किंवा आदल्या दिवशीच्या घरच्यांना आजच सावडून घ्या म्हणून विनवावे लागते. अशा शहराला चार ओटे हवेत. जागा नसेल तर दाहिनीखाली, म्हणजे चिता रचायच्या लोखंडी सांगाड्याखाली, सुटे ट्रे बसवावेत. ट्रे राखेसह बाजूला ओढून ठेवता येतो आणि ओटा दुसऱ्या दिवशी मोकळा होतो.

[दृश्य: गोदामातला वजनकाटा. पारड्यात बाभळीचे ओंडके रचले जात आहेत.]

एका चितेला आठ-नऊ मण लाकूड लागते, म्हणजे साधारण ३५० किलो. २०० दहनांना वर्षाकाठी ७० टन. यातली खरी अडचण पावसाळ्याची आहे, कारण आषाढ-श्रावणात आणलेले ओले लाकूड नुसते धुमसते, त्यावर डिझेल ओतावे लागते, आणि घरच्या माणसांना रात्री उशिरापर्यंत तिथेच थांबावे लागते. निदान तीन महिन्यांचे, म्हणजे १७-१८ टन लाकूड मेअखेर कोरड्या छपराखाली पडलेले असावे, इतकी साधी ही गोष्ट आहे. पण लाकडाची निविदा जुलैत निघत असेल तर तिचा काय उपयोग? कोल्हापुरात पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका शेणींवर, म्हणजे गोवऱ्यांवर, मोफत दहन करते आणि होळीला लोक शेणी जाळण्याऐवजी तिथे दान देतात. ज्या तालुक्यात गोठे आहेत तिथे हा मार्ग सहज घेण्याजोगा आहे. विद्युतदाहिनीचा आग्रह मात्र जपून धरावा. तिची भट्टी तापवायला वेळ आणि वीज लागते. रोज पाच-सहा दहने असतील तर तो खर्च वाटला जातो, तीन दिवसांत दोन असतील तर नाही. त्या मानाने गॅसदाहिनी गरजेनुसार पेटवता येते.

दफनाचा हिशेब वेगळा आहे, कारण ओटा तीन दिवसांत मोकळा होतो आणि कबरीची जागा कित्येक वर्षे होत नाही. मुस्लिम आणि ख्रिस्ती समाजांबरोबरच लिंगायत, गोसावी आणि नाथपंथी यांच्यातही दफनाची रीत आहे, आणि अगदी लहान मुलांना बहुतेक हिंदू घरांतही पुरतातच. एका खड्ड्याला भोवतालच्या मोकळ्या जागेसह चार चौरस मीटर धरले, तर एका गुंठ्यात हिशेबाने २५ कबरी बसतात. वाटा, झाडे आणि पाण्याचा हौद वजा जाता सोळाच उरतात. वर्षाला ४० दफने असतील तर दरसाल अडीच गुंठे आणि विकास आराखड्याच्या २० वर्षांत ५० गुंठे, म्हणजे सव्वा एकर जागा लागते. मातीही पाहावी लागते. काळ्या चिकण जमिनीत पावसाळ्यात खड्ड्याला पाणी लागते आणि कडा ढासळतात, म्हणून उंचवट्यावरची मुरमाड जागा बरी. खड्ड्याचा तळ आणि भूजल यांच्यात निदान एक मीटर कोरडी माती असावी.

[दृश्य: नकाशावर आरक्षित भूखंड. शेजारी नव्या वसाहतीचे प्लॉट.]

अशी जागा मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम २२ नुसार जिल्हाधिकारी सरकारी जमीन दहन-दफनासाठी राखून ठेवू शकतात. ते जमत नसेल तर आराखड्यात खासगी जमिनीवर आरक्षण टाकावे लागते, आणि तिथे घड्याळ चालू होते: दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक सूचना देतो आणि पुढच्या २४ महिन्यांत पालिका हलली नाही तर आरक्षण संपते. जागा मिळाली तरी शेवटच्या दोनशे पावलांचा रस्ता कोणाच्या तरी शेतातून जातो आणि तो नोंदीला नसतो. अनेक ठिकाणी जातवार वेगळ्या स्मशानभूम्या आजही आहेत, आणि दलित वस्तीची जागा बहुधा रस्त्यावाचून, ओढ्याच्या खालच्या अंगाला असते. आधी कोणत्या जागेला रस्ता द्यायचा हे ठरवताना एवढे पुरेसे असावे.

[दृश्य: राखणदाराच्या खोलीतले रजिस्टर. निम्मे रकाने रिकामे.]

हे सगळे आकडे येतात ते राखणदाराच्या रजिस्टरातून. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे दहन-दफनाच्या जागेच्या राखणदारावरही मृत्यूची खबर निबंधकाला देण्याची जबाबदारी आहे, आणि नोंदणीची मुदत २१ दिवसांची आहे. तारीख, वय, दहन की दफन, ओट्याचा किंवा कबरीचा क्रमांक आणि वापरलेले लाकूड, इतके रकाने नीट भरले तरी पुढच्या आराखड्याला लागणारी आकडेवारी पालिकेच्या स्वतःच्या कपाटात तयार होते. मात्र शेडला शासकीय अनुदान मिळते आणि राखणदाराचा पगार बहुतेक वेळा पालिकेला स्वतःच्या उत्पन्नातून काढावा लागतो. त्यामुळे शेडी वाढत जातात, आणि रजिस्टर लिहायला माणूस नसतो.