खांब, तीन, दोन, एक

(अंधार. फक्त आवाज. बीप... बीप... बीप...)

दहा वर्षं मी मुंबईत लोकलने फिरतोय आणि हा आवाज कशाचा ते मला माहीत नव्हतं. प्लॅटफॉर्मवर दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे हा बीप वाजतो. हे मला ताईंनी सांगितलं. दर रविवारी पहाटे त्या अशाच एका बीपखाली उभ्या असतात, पायात शूज, हातात पांढरी काठी. चर्चगेटला उतरल्या की मला पहिला प्रश्न ठरलेला, "चहा घेतलास का? नाही? मग आज तू झोपेत पळणार."

ताई बँकेत आहेत. वय सांगायचं नाही अशी तंबी आहे. उजेड आहे की अंधार एवढंच कळतं, बाकी काही दिसत नाही. मी त्यांचा गाईड रनर, म्हणजे सोबत पळत वाट सांगणारा, दोन वर्षं झाली.

(क्लोजअप. दोन हात, मधे नाडी.)

याला टेदर म्हणतात. दुकानात भारीतलेपण मिळतात म्हणे, आमचा म्हणजे माझ्या जुन्या बुटाची नाडी, दोन्ही टोकांना चार बोटं जातील एवढी लूप, बस. बघणाऱ्यांना वाटतं मी ओढतोय. ओढायचं नसतंच, स्पर्धेत तर ओढलं किंवा ढकललं की बाद.

ताई माझ्या डाव्या हाताला असतात, त्यांचा उजवा हात आणि माझा डावा हात नाडीने जोडलेले, म्हणजे हे दोन हात एकदमच पुढे जायला हवेत, म्हणजे मग त्यांचा डावा पाय पुढे तेव्हा माझा उजवा. शाळेत तीन पायांची शर्यत असायची ना, आतले पाय बांधून, अगदी तसंच. फक्त इथे तोंडावर आपटून चालत नाही. पहिल्या दिवशी मी हे सगळं डोक्यात मोजत पळत होतो. ताई म्हणाल्या, "मोजणं सोड, माझ्या पायांचा आवाज ऐक." ऐकला, आणि शंभर पावलांत जमलं की!

बोलणं मात्र महिनाभर जमलं नाही.

खड्डा आला की मी ओरडायचो, "ताई, सांभाळा!" तिसऱ्यांदा ओरडल्यावर त्या थांबल्याच. "सांभाळा म्हणजे काय करू? थांबू, उडी मारू, की देवाचं नाव घेऊ?"

बरोबरच होतं त्यांचं. सांभाळा हा शब्द आपण आपली भीती घालवायला वापरतो, समोरच्याला त्यातून कळत काहीच नाही. मग त्यांनी माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि माझ्याच मित्राला माझा गाईड केलं. मोजून पन्नास पावलं. मी नाडी इतकी घट्ट धरली की बोटांवर वळ उठले. "सांभाळ रे" ऐकल्यावर पोटात काय होतं ते तेव्हा कळलं.

आता मी काय आहे ते आधी सांगतो, मग अंतर, मग काय करायचं ते. "स्पीडब्रेकर, तीन, दोन, एक, वर." "पाणी साचलंय, माझ्याकडे या, दोन पावलं."

तरी घोळ झालाच. फूटपाथवर बाइक चढू नयेत म्हणून खांब लावतात ना, तसे दोन होते, मी मधून आरामात गेलो, कारण मी माझ्याच रुंदीचा विचार केला. ताईंचा गुडघा दुसऱ्या खांबावर. कट्ट्यावर बसून त्या विचारतायत, "रक्त येतंय का, खरं सांग," आणि मला बोलताच येईना. तेव्हापासून रस्त्यावरून एकटा चालतानाही मला दोन माणसांची वाट दिसते.

(मरीन ड्राइव्ह. उजाडतंय.)

इथे मात्र कधी कधी ताईच मला सांगतात. "जिमखाने आले." कसं कळलं? तर बिल्डिंगा संपून मैदानं लागली की गाड्यांचा आवाज आपटून परत येत नाही, मोकळा होतो. मी किती वेळा ऐकायचा प्रयत्न केला. मला आपल्या गाड्याच ऐकू येतात.

मधे कोणीतरी अंगठा दाखवून "ग्रेट जॉब सर" म्हणून जातं. मला! घाम त्यांना आलाय. पाणी द्यायलासुद्धा मलाच विचारतात, "यांना हवंय का?" ताईंचं उत्तर तयार असतं, "यांना कान आहेत."

२०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये आपल्या सिमरन शर्माने टी-१२ गटात, म्हणजे खूप कमी दिसणाऱ्यांच्या गटात, २०० मीटरचं ब्राँझ जिंकलं, २४.७५ सेकंदांत, सोबत गाईड अभय सिंग. त्या स्पीडला सगळं पावलांत जुळलेलं लागतं आणि फिनिशला गाईडने पुढे जायचं नाही, अर्धं पाऊलसुद्धा. त्याच पॅरिसमध्ये मॅरेथॉनला स्पेनची एलेना कोंगोस्त तिसरी येत होती, शेवटच्या काही मीटरवर तिच्या गाईडला क्रॅम्प आला, त्याला सावरायला तिने क्षणभर दोरी सोडली आणि अपात्र ठरली. नियम मला पटतो, त्या दिवशीचा निकाल नाही पटत. मी ताईंना विचारलं, तुम्ही काय केलं असतं? "सोडली असती. मला कुठे ब्राँझ मिळतंय!"

गेल्या हाफ मॅरेथॉनला पेडर रोडच्या चढावर माझा दम गेला. दोन तास अखंड बोलत पळणं सोपं नाही, म्हणून गाईड जास्त वेगाचा लागतो, आणि मी प्रॅक्टिस चुकवली होती. शब्दच फुटेना. ताई म्हणाल्या, "चढ लागला ना? तू गप्प झालास." आणि स्वतःच पेस कमी केला.

(पुढचा रविवार. एक नवीन मुलगा, हातात तीच नाडी.)

हा आजपासून शिकायला आलाय, कॉलेजमधला, पळतो माझ्यापेक्षा चांगला. मी मागून. पन्नास मीटरवर एक उखडलेली लादी.

"ताई, सांभाळा!"

ताई थांबल्या. मान मागे वळवून मला म्हणाल्या, "रुमाल आणलायस ना?"