रेस दिली की गाडी कुईं करते, तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. मी परभणीत गाड्या दुरुस्त करतो, पंचवीसहून जास्त वर्षं झाली. आज एकाच तक्रारीबद्दल बोलायचंय. "मिस्त्री, पाय दाबला की गाडी कुईं करते." हे सांगत येणाऱ्याच्या हातात पुष्कळदा आधीच बदललेल्या पार्टांची बिलं असतात. ती बघून मला खरंच वाईट वाटतं. सोयाबीनच्या, कापसाच्या पैशातून घेतलेली गाडी असते, कैकदा त्या घरातली पहिलीच.

परवा गंगाखेडकडचे एक गुरुजी आले. दुसरीकडे अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा पार्ट, नवा बसवला, बेल्ट नवा टाकला, आवाज जसाच्या तसा. मी आधी गाडी उभीच ठेवली आणि न्यूट्रलमध्ये रेस दिली. काहीच आवाज नाही! अर्धं काम इथंच झालं बघा. अल्टरनेटर, बेल्ट, बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरची पुली, पाण्याचा पंप हे सगळं इंजिनाबरोबर फिरतं. गाडी पळो की उभी राहो, त्यांच्यात दोष असला तर रेस दिल्यावर बहुतेक वेळा आवाज उठतोच.

मग गुरुजींना चालवायला सांगून शेजारी बसलो आणि वसमत रोडला निघालो. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की कुईं, पाय उचलला की शांत. क्लच दाबून गाडी तशीच पळू दिली, तरी शांत. चाकाचं बेअरिंग असतं तर क्लच दाबून ते गप बसलं नसतं. त्याचा आवाज घूं घूं असा गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, आणि वळणावर बदलतो. डावीकडे वळताना वाढला तर उजव्या चाकाचं बेअरिंग आधी बघा, कारण भार त्या बाजूला जातो.

गाडी पिटावर घेतली. गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणाऱ्या एक्सलच्या सीलभोवती, म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्याभोवती, काळी धूळ चिकटून तिचा थर झाला होता. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ कोरड्या लोखंडावर अशी धरत नाही. जिथं तेल झिरपतं तिथंच ती जमते. बोटानं खरवडून वास घेतला. गंधकाचा, कुजक्या अंड्यासारखा. म्हणजे गिअर ऑइल. लेव्हलचा बोल्ट काढला. त्या भोकाच्या काठापर्यंत तेल असायला हवं. करंगळी आत वाकवली, तर कोरडीच बाहेर आली. खालून सगळं तेल काढलं, तर लिटरभरही भरलं नाही. त्या गाडीत दोन लिटरच्या वर लागतं.

सील बदललं, नवं ऑइल भरलं. आवाज निम्मा झाला, पण गेला नाही. शेवटी गिअरबॉक्स उतरवावा लागला. आतलं बेअरिंग गुरुजींच्या तळहातावर ठेवलं, तर रिंगवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे. गुरुजी म्हणाले, "चार महिने ऐकत होतो हो, रेडिओ मोठा करून चालवायचो." सुरुवातीलाच आले असते तर सीलवर आणि ऑइलवर भागलं असतं.

गिअर ऑइलचं एक सांगतो. महागडं म्हणजे चांगलं, असं इथं चालत नाही. गाडीच्या पुस्तकात जीएल-४ हा ऑइलचा प्रकार लिहिला असेल तर तेच घाला. कडक जीएल-५ प्रकारचं काही ऑइल गिअर बदलताना काम करणाऱ्या आतल्या पितळी रिंगांना मानवत नाही.

आता उभ्या गाडीतही कुईं येत असेल तर? हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर एकदम चालू करा. आवाज वाढला तर संशय अल्टरनेटरवर. स्टेअरिंग पूर्ण वळवताना वाढला आणि गाडीत स्टेअरिंग ऑइलची बाटली असली, तर ऑइलची लेव्हल बघा. नव्या बऱ्याच गाड्यांत स्टेअरिंग विजेवर चालतं, तिथं ही बाटलीच नसते. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर बेल्ट उतरवायचा आणि एकेक पुली हातानं फिरवायची. चांगली पुली गुपचूप फिरते. खराब पुलीची खरखर बोटांना कळते, कानांना नंतर. हे काम मिस्त्रीकडून करवा. आणि चालू इंजिनाजवळ ओढणी, उपरणं, मोकळे केस नेऊ नका, एवढं हात जोडून सांगतो.

डिझेल गाडीतून शिट्टीसारखा आवाज येतोय, पिकअप मेलाय, काळा धूर निघतोय, तर लगेच टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पार्ट, बदलायला होकार देऊ नका. आधी टर्बोपासून इंजिनाकडे हवा नेणारे होज बघा. एखादं क्लिपजवळ चिरलेलं किंवा निसटलेलं सापडतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपा, पिकअप यांच्यात मागून कुईं आली, तर आधी मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीचं, म्हणजे हौसिंगचं ऑइल बघा, मग तिच्यातल्या क्राऊन-पिनियन या गिअरांकडे वळा.

गॅरेजला याल तेव्हा किल्ली देऊन निघून जाऊ नका. मिस्त्रीला शेजारी बसवा आणि आवाज कोणत्या गिअरला, किती स्पीडला, पाय दाबल्यावर की सोडल्यावर, हे चालवून दाखवा. गाडी थंड असतानाच आवाज येत असेल, तर ती रात्री आमच्याकडे सोडा. सकाळचं पहिलं स्टार्ट मला स्वतःला मारू द्या.