शिकारचित्रांतले डावखुरे शिकारी

नमस्कार. सोळाव्या शतकातील युरोपीय शिकारचित्रांवरचा मागचा भाग पाहून अनेकांनी विचारले आहे की त्या काळी इतके शिकारी डावखुरे कसे होते. काहींनी तर मीच व्हिडिओ उलटा चढवल्याचा ठपका ठेवला. व्हिडिओ सरळच होता. चित्र उलटे होते ते छापताना.

तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेषा काढायच्या, आम्लाने त्या खोल करायच्या आणि शाई भरून वर ओला कागद दाबायचा, हे बहुतेकांना ठाऊक असते. विसरले जाते ते एवढेच की कागद पत्र्यावर पालथा पडतो, त्यामुळे डावीकडचे उजवीकडे जाते. शाळेत बटाट्याच्या फोडीवर मी माझे नाव मोठ्या हौसेने सरळ कोरले होते. वहीवर उमटले तेव्हा प्रत्येक काना अक्षराच्या अलीकडे उभा होता. बाई हसून म्हणाल्या, "रबरी शिक्क्यावरची अक्षरे कधी नीट पाहिली आहेस का?"

हेच तलवारीवरूनही ओळखता येते. उजव्या हाताने लढणारा माणूस म्यान डाव्या कमरेला बांधतो. ते उजवीकडे लोंबत असेल, तर बहुधा चित्रकाराने उलटण्याचा हिशेब धरलेला नसतो. फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी मेडिची घराण्यासाठी शिकारीच्या भिंतपडद्यांचे आराखडे करणाऱ्या यान व्हान डेर स्ट्रातसारखे मुरलेले कलावंत पत्र्यावर उतरवायच्या रेखाटनात मुद्दाम डावखुरी माणसे काढत, म्हणजे छापल्यावर भाला उजव्या हातात येई. स्ट्रातच्या आराखड्यांवरून अँटवर्पच्या फिलिप्स गालेने प्रकाशित केलेल्या शिकारमालिकेत 104 चित्रे आहेत.

सहीचीही हीच गत, कारण ती पत्र्यावर उलटीच लिहावी लागते. बकऱ्यावर बसलेल्या चेटकिणीच्या चित्रात खुद्द जर्मन चित्रकार ड्यूररच्या सहीतला 'डी' उलटा उमटला आहे, तेव्हा माझ्या बटाट्याला फार हसू नये.

आता 1560 मधील 'सशांची शिकार' पाहा. फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रूगेलने स्वतः पत्र्यावर केलेले हे एकमेव चित्र. क्रॉसबो (खटक्याचे आडवे धनुष्य) रोखून शिकारी सशांवर नेम धरतो आहे आणि त्याच्या पाठीमागून भालाधारी माणूस दबकत येतो आहे. याचे मूळ रेखाटन पॅरिसमध्ये आहे आणि ते छापील चित्राच्या नेमके उलट आहे. "मग खरे चित्र सरळ करून दाखवा" अशी मागणी दर आठवड्याला येते. ती मी पुरवणार नाही, कारण रेखाटन ही तयारी होती आणि ब्रूगेलला लोकांच्या हाती द्यायचे होते ते छापलेलेच चित्र.