चोरांची कादंबरी लेकरांच्या हाती द्यावी का?

श्रोतेहो, नमस्कार.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या धाकट्या बहिणीने तिच्या चौदा वर्षांच्या मुलीकडून एक जाडजूड इंग्रजी कादंबरी काढून घेतली आणि माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "दादा, यातली सगळी पोरं चोर आहेत म्हणे. तू वाच आणि सांग, लेकराच्या हातात द्यावी की नाही." ली बार्डुगो या लेखिकेची, २०१५ साली प्रसिद्ध झालेली ती कादंबरी म्हणजे 'सिक्स ऑफ क्रोज'. आठ दिवसांत मी ती वाचून काढली, आणि बहिणीला जे सांगितले तेच आज आपल्याला सांगणार आहे.

कथा थोडक्यात अशी. केटरडॅम नावाच्या काल्पनिक बंदरात काझ ब्रेकर हा सतरा वर्षांचा मुलगा एका टोळीची सूत्रे हलवतो. जादूची शक्ती लाभलेल्या माणसांचे बळ अफाट वाढवणारे, पण त्यांना आतून पोखरून टाकणारे एक औषध कोणीतरी शोधून काढले आहे. ते ज्याला ठाऊक आहे, त्या शास्त्रज्ञाला परक्या देशातल्या अभेद्य किल्ल्यातून पळवून आणायचे आणि तीन कोटींचे इनाम मिळवायचे, असा हा बेत आहे. त्यासाठी काझ स्वतःसकट सहा जण जमवतो. किल्ला कसा आहे, हे आपल्याकडच्या श्रोत्यांना वेगळे सांगायला नको. ज्याने देवगिरीचा खंदक ओलांडला आहे आणि अंधारीत हाताने भिंत चाचपली आहे, त्याला आत शिरणे एक आणि बाहेर पडणे दुसरे, हे पक्के ठाऊक असते.

चोर हा नायक असावा का, ही शंका मात्र आपण फार ताणू नये. 'मृच्छकटिका'तला शर्विलक भिंतीला भोक पाडण्यापूर्वी ते कमळाच्या आकाराचे करावे की चंद्रकोरीच्या, याचा विचार करतो, मापासाठी जानवे वापरतो, आणि हे सारे तो आपल्या प्रेयसीला दास्यातून सोडवण्यासाठी करतो. ते नाटक आपण अभिजात म्हणून कपाटात ठेवले आहे. आता आपली बरीच ग्रंथालये त्या कपाटालाही कुलूप घालतात आणि वाचक येत नाहीत म्हणून हळहळतात, तो भाग निराळा.

ही कादंबरी वाचताना मला सारखे आठवत राहिले ते माझे आजोळ. अंबाजोगाईच्या अलीकडचे गाव, जाड भिंतींचे माळवदाचे घर. स्लॅबच्या तापल्या तव्याखाली राहणाऱ्या आजच्या मुलांना ती मे महिन्यातली गार दुपार समजावून सांगणे अवघड आहे. माजघराला लागून एक अंधारी खोली होती, तिच्यात आजी गावरान आंब्यांची आढी घालत असे, आणि खोलीची किल्ली तिच्या कमरेला असे. आम्ही भावंडे सहा. थोरल्या मामेभावाने बेत आखला. दाराला कुलूप असले, तरी माळवदाला उजेडासाठी ठेवलेले साणे उघडेच होते. त्यावरची परात बाजूला सारायची, विहिरीवरचा जुना नाडा सोडायचा आणि त्याला बांधून कोणाला तरी आत उतरवायचे. साण्यातून मावणारा एकच होता, माझा सात वर्षांचा मावसभाऊ. त्याला कोणी विचारले नाही. त्याच्या कमरेला नाडा बांधला गेला.

दोन खेपा बिनबोभाट झाल्या. पिशवी वर यायची, पाडाचा वास सुटायचा, रिकामी पिशवी खाली जायची. तिसरी खेप भरत असतानाच ओसरीवर आजोबा खाकरले. आम्ही नाडा तसाच टाकला, शेजारच्या माळवदावर उड्या मारल्या आणि थेट मळ्यातल्या विहिरीवर जाऊन थांबलो. तिथे आम्ही पाच जणांनी आंबे खाल्ले. कोयींचा ढीग झाला, कोयींनी नेमबाजी झाली, पोहणे झाले. श्रोतेहो, खोलीत एक जण राहिला आहे, हे आम्हाला ऊन कलल्यावर आठवले. पुन्हा सांगतो, तोवर आम्हाला आठवलेच नव्हते.

तो ओरडला नव्हता. ओरडला असता तर आमची नावे कळली असती. संध्याकाळी आजी आंबे निवडायला आत गेली, तेव्हा तो आढीच्या गवतावर बसलेला होता. "कोण कोण होतं रे?" असे तिने विचारल्यावर तो म्हणाला, "मी एकटाच आलो." कुलूपबंद खोलीत, दोन पुरुष उंचीच्या साण्यातून, एकटाच! आजीने पुढे काही विचारले नाही. रात्री पंगत बसली, सगळ्यांना रस वाढला गेला, कोणाला शब्दाने बोलणे नाही. फक्त थोरल्याच्या ताटाशेजारी तिने तो नाडा नीट वेटोळे करून ठेवला होता. त्या रात्री आम्हा पाचांपैकी कोणाच्याही घशाखाली रस उतरला नाही. मावसभाऊ आज पन्नाशी ओलांडून गेला आहे आणि अजूनही खोलीचे दार लावून झोपत नाही.

या कादंबरीत इनेज नावाची मुलगी किल्ल्यातल्या भट्टीच्या तापलेल्या धुराड्यातून वर चढते आणि तिच्या पायांतले रबरी जोडे वितळू लागतात. ते पान वाचताना मी नाडा धरणाऱ्यांच्या बाजूने नव्हतो. या इनेजला लहानपणी पळवून कुंटणखान्यात विकलेले आहे. काझ हातमोजे कधी काढत नाही, कारण उघड्या त्वचेचा स्पर्श त्याला सोसवत नाही. त्यामागची गोष्ट मी सांगणार नाही. सहा जणांतलाच जेस्पर जुगारात बुडालेला आहे. म्हणून बहिणीला मी म्हणालो की, या पुस्तकात चोरीची भीती बाळगू नकोस, विकल्या गेलेल्या मुलीचे काय झाले असे लेक विचारील, त्या प्रश्नाची तयारी ठेव. चोरीची भीती नको, त्या प्रश्नाची तयारी हवी.

शृंगाराची उघडी वर्णने यात नाहीत. हिंसा मात्र आहे, आणि काझ एका माणसाचा डोळा काढतो तो प्रसंग माझ्याही पोटात कालवाकालव करून गेला. माझ्या मते पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाने ती खुशाल वाचावी. त्याहून लहान असेल तर घरातल्या मोठ्या माणसाने आधी किंवा सोबत वाचावी. पाच जणांच्या नजरेतून कथा आळीपाळीने सरकते, परक्या नावांची गर्दी आहे आणि सुरुवातीची शंभर पाने जड जातात, तेव्हा इंग्रजीची सवय नसलेल्या मुलाला ती परीक्षेसारखी वाचायला लावू नये.

बहिणीने पुस्तक भाचीला परत दिले आणि रोज रात्री तिच्यासोबत दोन प्रकरणे वाचायला बसू लागली. मावसभावाला मी फोनवर ही कथा सांगितली, तेव्हा त्याने मध्येच विचारले, "कोणी मागे राहतं का त्यात?" मी म्हटले, राहते, पहिला भाग तिथेच संपतो, आणि तिला सोडवायला बाकीचे कसे निघतात, ते २०१६ साली आलेल्या दुसऱ्या भागात आहे. त्याने पहिला भाग मागितलाच नाही, दुसराच पाठवून दे म्हणाला.

नमस्कार.