अडीच ते अकरा

(पडद्यावर : रात्रीचा रिकामा रस्ता. सिग्नलचा पिवळा दिवा लुकलुकतो आहे.)

१९ मे २०२४. पहाटेचे अडीच. पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शेने मोटारसायकलला उडवलं. मोटारसायकलवर दोघं होती, मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेली. चोवीस-चोवीस वर्षांची. दोघंही गेली.

पोलिसांच्या म्हणण्यानुसार गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता. लोकांनी त्याला तिथंच धरलं आणि पोलिसांच्या हवाली केलं. कुणाला शोधायला जायचं नव्हतं. तरीही त्याच्या रक्ताचा नमुना घेतला गेला सकाळी अकराच्या सुमाराला.

मधल्या साडेआठ तासांचा हिशेब करू या. अपघातानंतर चालकाची दारूची चाचणी लगेच आणि सक्तीने का व्हायला हवी, ते त्यातच दिसतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल, तर तो गुन्हा. आपलं शरीर हे प्रमाण तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरवत जातं. कुणाचं थोडं भरभर, कुणाचं सावकाश. समजा, अपघाताच्या क्षणी एखाद्या चालकाच्या रक्तात मर्यादेच्या तिप्पट, म्हणजे ९० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे. चार तासांत तो मर्यादेवर येतो. सहा तासांत जवळपास शून्यावर. साडेआठ तासांनी घेतलेल्या नमुन्यात काय सापडणार?

पुण्यात तर पुढे नमुनाच बदलला गेला, मूळ रक्त कचऱ्यात गेलं आणि बाटलीत दुसऱ्याचं भरलं, असा आरोप पोलिसांनी ठेवला. डॉक्टरांना अटक झाली. त्यावर पुष्कळ बोललं गेलं, आणि बोलायलाच हवं. पण बाटली कुणी बदलली नसती, तरी ते साडेआठ तास गेलेच होते.

(पडद्यावर : टेबलावर रक्ताची छोटी बाटली, करडं झाकण.)

ही बाटली नीट पाहा. हिच्यात आधीच सोडियम फ्लोराइडची पूड असते, रक्त आंबून त्यात नव्याने अल्कोहोल तयार होऊ नये म्हणून. सुई टोचण्याआधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवायचा नाही, कारण स्पिरिट म्हणजेच अल्कोहोल. मग सील, लेबल, सही, वेळ. पुढे बाटली न्यायसहायक प्रयोगशाळेत जाते आणि तिथून ‘सीए रिपोर्ट’, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल येतो. एक टप्पा जरी ढिला पडला, तरी बचावाचा वकील कोर्टात नेमकं तिथंच बोट ठेवतो.

एवढी काळजी बाटलीची. पण बाटली उघडायची की नाही, हे ठरतं कशावर? ‘शंके’वर. कलम २०३ म्हणतं, अपघातानंतर चालक प्यायलेला असल्याची पोलिसाला वाजवी शंका आली, तर तो श्वासाची चाचणी घेऊ शकतो. शंका आली तर. आणि घेऊ शकतो. रात्री गर्दी जमलेली, जखमींना गाडीत चढवायचं, रस्ता मोकळा करायचा, वरून फोन वाजतायत. त्या गोंधळात एका हवालदाराने वास घेऊन ठरवायचं. टेम्पोवाल्याच्या तोंडाचा वास जितक्या लवकर येतो, तितक्या लवकर महागड्या गाडीतल्या माणसाच्या तोंडाचा येतो का?

कलम २०२ मध्ये वैद्यकीय तपासणीसाठी दोन तासांची मुदत आहे. पण ती अटकेपासून मोजायची. अपघातापासून नव्हे.

(पडद्यावर : वरळी, पहाटेचा समुद्र.)

त्याच वर्षी ७ जुलैला वरळीत ससून डॉकवरून मासळी घेऊन स्कूटरवर परतणाऱ्या कोळी जोडप्याला बीएमडब्ल्यूने ठोकरलं. बायको फरफटत गेली, वाचली नाही. संशयित चालक हाती लागला ९ जुलैला. त्याच्या पोटात त्या रात्री काय होतं, हे विचारून आता उपयोग नव्हता. पळणाऱ्याला कायद्याने आपणच वेळ देऊन ठेवली आहे.

आयर्लंडमध्येही आधी असंच होतं. अपघातानंतर चाचणी घ्यायची की नाही, हे पोलिसाच्या मर्जीवर. अपघातात माणसं गमावलेल्या कुटुंबांनी पाठपुरावा केला आणि २०११ मध्ये कायदा बदलला. अपघातात कुणी जखमी झालं, की चालकाची चाचणी बंधनकारक. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात तर १९७४ पासून अपघातातल्या जखमी प्रौढांचं रक्त रुग्णालयातच तपासलं जातं. तिथल्या शल्यविशारदांनीच तो आग्रह धरला होता.

आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. सरकारी नोंदीत दारूच्या नावावर त्यातले अडीच टक्क्यांच्या आसपास. मला हा आकडा पटत नाही. जे तपासलंच नाही, ते नोंदीत येणार कुठून?

आणि चाचणी चालकाच्या बाजूनेही बोलते. जो प्यायलेला नव्हता, त्याच्यावर गर्दी हात टाकते तेव्हा त्याच्याजवळ दुसरा कुठला पुरावा असतो?

(पडद्यावर : वैद्यकीय तपासणीचा कागद.)

या कागदावर नमुना घेतल्याची वेळ लिहिली जाते. तिच्या शेजारी अपघाताची वेळही लिहा. कल्याणीनगरच्या कागदावर एका रकान्यात अडीच आलं असतं आणि दुसऱ्यात अकरा.